पटाखालची पोथी

मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिण्यास ज्यांनी प्रथम हात घातला, त्यांच्यासमोर महानुभावांचे ग्रंथ जवळजवळ नव्हतेच. ग्रंथ अस्तित्वात होते, मठांतून त्यांचे वाचन आणि लेखन चालू होते; पण ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीची किल्ली उजेडात आणली आणि आद्य मराठी गद्याचे एक मोठे दालन पंथाबाहेरच्या अभ्यासकांना खुले झाले. ज्या लीळाचरित्राशिवाय आज मराठीच्या एम.ए.चा विचारही करता येत नाही, ते सव्वाशे वर्षांपूर्वी अभ्यासकांच्या लेखी वाङ्मय या कोटीतच नव्हते. ग्रंथ तोच होता, वाचणारे बदलले.

ही हकिकत आम्ही दोघे दरवर्षी वर्गात सांगतो. आमच्यापैकी एक मध्ययुगीन वाङ्मय शिकवतो, दुसरी आधुनिक. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याने ती फारच मनावर घेतली आणि एम.ए.च्या संशोधन प्रकल्पासाठी विषय सुचवला: विज्ञानकाल्पनिक डावपेचांच्या संगणकीय खेळांतील दडलेली कथने. विषय ज्या समितीपुढे गेला तिने तो दोन वाक्यांत परत पाठवला. पहिले वाक्य असे, की हा खेळ आहे, वाङ्मय नव्हे. दुसरे असे, की यात मराठीचा संबंध काय? या दोन्ही आक्षेपांना उत्तर द्यावे, असे आम्हाला तेव्हापासून वाटत आहे. पहिल्याचे उत्तर तुलनेने सोपे निघाले. दुसऱ्याने मात्र आम्हाला बरेच दिवस अडवून धरले.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे प्रास्ताविक. बुद्धिबळ आणि सारीपाट हे डावपेचांचे खेळ आपल्या ओळखीचे. पटावर प्यादे मेले तर त्याच्या घरी कोण होते, हा प्रश्न बुद्धिबळात उद्भवत नाही. संगणकावरील डावपेचांचे खेळ, म्हणजे ज्यांना आमचे विद्यार्थी ‘स्ट्रॅटेजी’ म्हणतात ते, याच कुळातले. खेळाडू आकाशातून जमिनीकडे पाहतो. खाली नकाशा असतो. कुठे धातू, कुठे धान्य, कुठे शत्रूची ठाणी. सगळे आकड्यांत मोजलेले. वसाहत वाढवायची, सैन्य उभारायचे, प्रतिस्पर्ध्याला हटवायचे, हा नियम. विज्ञानकाल्पनिक खेळांत नकाशाच्या जागी ग्रह किंवा आकाशगंगा येते, एवढेच.

या खेळांत आणखी एक गोष्ट असते, जिच्यावाचून जिंकण्यात काहीही अडत नाही. त्या ग्रहाचा इतिहास, तिथल्या कुळांची भांडणे, लुप्त झालेल्या संस्कृतींच्या खुणा, कोणाची तरी अर्धवट रोजनिशी. हे सारे तुकड्यातुकड्यांनी कुठे सोबतच्या पुस्तिकेत, कुठे एखाद्या शोधाच्या टिपणात, कुठे खोदकामाच्या अहवालात पेरलेले असते. खेळाडू याला ‘लोर’ म्हणतात. आम्ही आमच्यापुरते त्याला ‘पटाखालची पोथी’ असे नाव दिले आहे.

उदाहरण घेऊ. १९९९च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील फिरॅक्सिस या संस्थेने ‘अल्फा सेंटॉरी’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्याचा मुख्य रचनाकार ब्रायन रेनॉल्ड्स. संयुक्त राष्ट्रसंघाने पाठवलेले ‘युनिटी’ नावाचे जहाज शेजारच्या ताऱ्याजवळ पोहोचते, तोच त्यात बिघाड होतो, कप्तानाचा खून होतो आणि जहाजावरची माणसे सात गटांत फुटतात. हे गट देशांवरून पडलेले नाहीत, विचारसरणींवरून पडलेले आहेत. एक निसर्गाला मानणारा, एक बाजाराला, एक विज्ञानाला, एक धर्माला, एक शिस्तबद्ध समूहाला, एक शस्त्राला. सातवा संयुक्त राष्ट्रसंघाची सनद जपणारा, आणि त्याचा नेता प्रवीण लाल नावाचा भारतीय शल्यचिकित्सक. जहाजाचे नाव ‘एकता’ आणि कथेचा आरंभ फुटीने, हे वेगळे सांगायला नको.

या खेळात नवा शोध लागला की पडद्यावर एक उतारा येतो आणि कोणीतरी तो वाचून दाखवते. उताऱ्याखाली लेखकाचे आणि ग्रंथाचे नाव असते. काही उतारे खऱ्या ग्रंथांतले आहेत. प्लेटो आहे, नीत्शे आहे, बायबल आहे. पण बहुतेक उतारे त्या सात नेत्यांच्या ग्रंथांतले, म्हणजे कधीही न लिहिल्या गेलेल्या ग्रंथांतले. व्यापारी गटाच्या मॉर्गनने लोभाच्या नीतिशास्त्रावर ग्रंथ लिहिला आहे. हुकूमशहा यांगने मन आणि जडद्रव्य यांवर निबंध लिहिले आहेत. ग्रंथ नाहीत, त्यांतली अवतरणे मात्र आहेत. ती डझनांनी वाचल्यावर वाचकाच्या मनात एक पूर्ण ग्रंथालय उभे राहते, आणि त्या ग्रंथालयातले लेखक एकमेकांशी वाद घालू लागतात. ज्याने महाराष्ट्र सारस्वतातील किंवा कोशांतील अवतरणांवरून हरवलेल्या कवींची कल्पना केली आहे, त्याला हा अनुभव परका वाटू नये.

आता या पोथीत काय दडले आहे ते पाहा. खेळाच्या नियमानुसार ग्रहावर पसरलेली तांबूस बुरशी ही अडचण आहे. ती सैन्याचा वेग कमी करते, तिच्यातून निघणारे किडे माणसांच्या मनावर हल्ला करतात. साहजिकच खेळाडू ती साफ करतो, खाणी खणतो, कारखाने काढतो. जसजशी नासधूस वाढते, तसतसे बुरशीचे आणि किड्यांचे हल्लेही वाढतात. इथपर्यंत हा केवळ हिशोब आहे. पण अधूनमधून खेळ थांबतो आणि खेळाडूला उद्देशून एक छोटे गद्य प्रकरण येते. त्यात विचित्र स्वप्ने आहेत, झोपेत ऐकू येणारा आवाज आहे. हळूहळू उमगते की ती बुरशी म्हणजे ग्रहाची मज्जासंस्था आहे, ग्रह जागा होत आहे, आणि ज्याला आपण अडथळा समजून जाळत होतो तो बोलणारा होता. नियम म्हणतो जमीन ताब्यात घे. पोथी म्हणते, जमिनीला विचारलेस का? या दोहोंतील तणावामुळे खेळ संपल्यावरही मनातून जात नाही. एखाद्या संहितेचे बाह्य विधान आणि तिचा अंतःस्वर यांत अंतर पडते तेव्हा आपण तिला वाङ्मय म्हणून वाचू लागतो. पहिल्या आक्षेपाला आमचे उत्तर एवढेच आहे.

अर्थात, तुकड्यांतून विश्व उभे करण्याची रीत मराठीला नवी नाही. म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या, तेव्हा त्यांनी सलग चरित्र रचले नाही. ज्याला जे आठवत होते ते त्याच्याकडे जाऊन ऐकले, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतले आणि सुटे प्रसंग सुटेच ठेवले. पुढे मूळ प्रत धावपळीत हरवली, आठवणींतून पुन्हा पाठ सिद्ध झाले, पाठभेद उरले. ‘स्थानपोथी’ तर याहून विलक्षण. गावोगावचे ओटे, देवळांची दारे, त्यांच्या दिशा, स्वामी कोठे बसले, कोठे निजले, यांची ती केवळ नोंद आहे. कथा त्यात नाही. पण लीळा माहीत असलेला भाविक ती नोंद हाती घेऊन त्या ओट्यापाशी उभा राहिला की कथा आपोआप हलू लागते. या ग्रंथांच्या संपादनात ज्यांचे आयुष्य गेले ते डॉ. वि. भि. कोलते आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातले, मलकापूर तालुक्यातील नरवेलचे. त्यांनी संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले. पाठ लावणे, तुकडा तुकड्याशी जुळवणे, गाळलेली जागा गाळलेली म्हणून दाखवणे, ही शिस्त आम्ही त्यांच्या पिढीकडून शिकलो. आमचा विद्यार्थी अल्फा सेंटॉरीची अवतरणे वहीत उतरवून त्यांचा काळानुक्रम लावत होता, तेव्हा तो हेच करत होता. फक्त त्याला ते कोणी गुणांसाठी सांगितलेले नव्हते.

साम्य ताणू नये हेही खरे. लीळांमागे एका प्रत्यक्ष होऊन गेलेल्या व्यक्तीचा विरह आहे. सांगणाऱ्याने ते पाहिलेले असते, आणि ते विसरले जाईल या भीतीने तो सांगतो. खेळातील तुकडे मात्र पगारी लेखकांनी, विक्रीच्या तारखेकडे पाहत, मुद्दाम तोडून पेरलेले असतात. एकाचे अपुरेपण काळाने आणले, दुसऱ्याचे योजून ठेवलेले आहे. विद्यार्थ्याच्या आराखड्यात हा फरक पुरेसा आला नव्हता आणि समितीने त्याला तो विचारला असता तर बरे झाले असते. समितीने तो विचारला नाही.

दुसरा धोका संग्रहाचा. स्वीडनमधील पॅराडॉक्सने २०१६ साली काढलेल्या ‘स्टेलारिस’ या खेळात आकाशगंगाभर लुप्त संस्कृतींचे अवशेष विखुरलेले असतात. २०१९च्या पुरवणीपासून तर शास्त्रज्ञाला पाठवून टप्प्याटप्प्याने उत्खननही करता येते. प्रत्येक टप्प्यावर एक लहानशी कथा, आणि शेवटी एखादी वस्तू हाती लागते. वस्तू मिळाली की सत्ता वाढते. मग खेळाडू कथा वाचायचे सोडून वस्तू गोळा करू लागतो, आणि कथांचे सारांश कोणीतरी तयार करून ठेवलेलेच असतात. यावर नाक मुरडण्यापूर्वी आपण आपल्या परीक्षांकडे पाहावे. लीळाचरित्राची पाच वैशिष्ट्ये पाच गुणांसाठी पाठ करणारा विद्यार्थी एकही लीळा न वाचता उत्तीर्ण होतो. पोथी उघडी असूनही दडलेली राहण्याचा हा प्रकार आपणही चांगलाच जाणतो.

महाराष्ट्रात याच्या जवळपासचे काही घडले आहे का, असे विचारले तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स या संस्थेचा २०२० सालचा ‘राजी’ आठवतो. तो डावपेचांचा खेळ नाही, विज्ञानकाल्पनिकही नाही. एका मुलीच्या पराक्रमाची कथा आहे. पण त्यातही वाटेतल्या भित्तिचित्रांसमोर थांबले तरच पुराणकथा ऐकू येतात. न थांबता पुढे पळाले तरी काही बिघडत नाही. आणि विज्ञानकथेपुरते बोलायचे तर आपल्या परंपरेने ही वाट केव्हाच दाखवली आहे. १९७४ साली ‘कृष्णविवर’ने सुरुवात करणाऱ्या जयंत नारळीकरांनी पुढे आपल्या कथा-कादंबऱ्यांना यक्ष, वामन, भस्मासुर यांची नावे दिली, ती काही केवळ शोभेसाठी नाहीत. जुन्या कथेतील नाव आले की वाचक तिचा उरलेला भाग स्वतः आणतो. न सांगितलेल्या कथेचा उपयोग करून घेण्याची ही मराठी रीत.

विश्वरचना केवळ पडद्यावर किंवा पुस्तकात होते असेही नाही. आमच्या जिल्ह्यातील लोणारच पाहावे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर. लोककथा सांगते की लवणासुर नावाचा दैत्य तिथे जमिनीखाली राहत असे आणि विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात येऊन त्याला मारले. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे काम मानले गेले आणि १९७३च्या शोधनिबंधाने ते अशनीच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडलेले विवर असल्याचे पुरावे मांडले. २०२० साली त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. लीळाचरित्रातही लोणार आहेच. एकाच खड्ड्यात इतक्या पोथ्या एकावर एक रचलेल्या आहेत. विद्यार्थ्यांना तिथे नेले असता त्या प्रकल्पवाल्या विद्यार्थ्यानेच आमचे लक्ष एका गोष्टीकडे वेधले. “सर, मॅडम, देऊळ मारणाऱ्याच्या नावाचं आहे, पण गाव मेलेल्याच्या नावाचं.” कथा सारी विजेत्याच्या बाजूची, पण लोकांनी गावाच्या नावात हरलेल्याला ठेवून घेतले. ही नजर त्याला आम्ही दिली नव्हती. ती खेळातली तळटीप वाचण्याच्या सवयीतून आली होती.

आता दुसरा आक्षेप. हे सर्व लेखन इंग्रजीत आहे, याला उत्तर नाही. आम्ही राहतो ते अमडापूर चिखली-खामगाव रस्त्यावरचे गाव. इथल्या मुलाला खेळाचा नियम चित्रांवरून कळतो. पोथी मात्र इंग्रजीत, आणि तीही वाङ्मयीन इंग्रजीत. दोन हजारच्या दशकात आमच्या भागात संगणक आले तेव्हा खेळ नकललेल्या तबकड्यांवरून फिरत. भारनियमनातून वीज उरली तर खेळायचे. तबकडी यायची, पण तिच्याबरोबरची खोकी आणि पुस्तिका कधीच यायची नाही. नेमकी त्या पुस्तिकेतच पोथी असे. कॅनडातील रेलिक या संस्थेचा १९९९ सालचा ‘होमवर्ल्ड’ हा याचा उत्तम नमुना. त्याच्या सोबतच्या पुस्तिकेत खाराक नावाच्या वाळवंटी ग्रहावरील लोकांचा सविस्तर इतिहास आहे. त्यांची कुळे, त्यांची धर्मयुद्धे. त्यातले गालसियन नावाचे कुळ मानते की आपण सारे या वाळवंटात देवाने शिक्षा म्हणून टाकलेले आहोत. इतर कुळे त्यांना हद्दपार करतात. पुढे वाळूखाली एक प्राचीन जहाज सापडते, त्यात आकाशगंगेचा नकाशा कोरलेली शिळा सापडते, आणि हे लोक खरोखरच दुसरीकडून आलेले आहेत असे सिद्ध होते. ज्यांना धर्मवेडे म्हणून हाकलले त्यांचे म्हणणे निम्मे तरी खरे निघते. तबकडीवरच्या खेळात या कुळाची कथा जवळजवळ नाहीच.

आज ती पुस्तिका संगणकावर सहज वाचायला मिळते. गेल्या पावसाळ्यापासून तो विद्यार्थी आणि त्याचे तीन मित्र रविवारी आमच्या घरी येतात आणि आम्ही सारे मिळून तिचा मराठी अनुवाद करतो. काम संथ आहे. ‘कीथ’ला कूळ म्हणावे की घराणे, यावर एक सबंध रविवार गेला. मग ती शिळा आली. तिच्यावर एकच शब्द आहे, सर्व कुळांच्या बोलींत टिकून राहिलेला: हिगारा. पुस्तिकेने दिलेला त्याचा अर्थ इंग्रजीत सरळ दोन शब्दांचा आहे. मराठीत तो दोन शब्दांत मावेना. “आमचे घर” की “आपले घर”?

इंग्रजीला हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे दोन्हींना एकच सर्वनाम आहे. मराठीत ‘आमचे’ म्हटले की ऐकणारा बाहेर उभा राहतो, ‘आपले’ म्हटले की तो आत येतो. आणि हिगारावर कोणीतरी राहत आहे. ज्या ताइदान साम्राज्याने या लोकांना हाकलले, त्याची ती राजधानी आहे. खेळाच्या अखेरीस खेळाडू ती जिंकतो आणि विजयाचे संगीत वाजते. तिथल्या सामान्य रहिवाशांचे काय झाले, यावर खेळ फारसा रेंगाळत नाही. या लोकांचे पूर्वजही एकेकाळी असेच आक्रमक होते, ही माहिती मालिकेच्या पुढील भागाच्या पूर्वकथेत येते. एका मित्राचे म्हणणे पडले, “आमचे’च पाहिजे, ज्यांचं हिसकावलं ते दुसरं काय म्हणतील?” दुसऱ्याच्या घरचे लोक धरणात गाव गेल्याने इकडे येऊन वसलेले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण आता तिथं जे जन्मले ते काय म्हणत असतील?”

मराठीचा संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या दिवशी मिळाले. मूळ संहितेत जो प्रश्न सर्वनामाखाली झाकला गेला होता, तो मराठीत आणताना टाळता येईना. अनुवादाने पोथीत नवी भर घातली नाही. तिच्यातला एक पदर, जो मूळ भाषेच्या वाचकाला कदाचित जाणवणारही नाही, तो मराठी व्याकरणाने वर आणला. एखादी भाषा जगातील कोणत्याही संहितेला असा प्रश्न विचारू शकते, हाच त्या भाषेच्या विभागात ती संहिता अभ्यासण्याचा आधार असू शकतो. हा लेख आम्ही ‘आम्ही’ या सर्वनामात लिहीत आहोत, तो काही ठिकाणी ‘आपण’कडे सरकतो, आणि समितीतील सहकाऱ्यांना उद्देशून लिहिताना तर वारंवार सरकतो, हेही आता ध्यानात येते.

विद्यार्थ्याने यथावकाश स्थानपोथीतील स्थलवर्णनांवर प्रकल्प घेतला आहे आणि तो उत्तम चालू आहे. मूळ विषय मात्र त्याने सोडलेला नाही. पुढील वर्षी त्याच्या मागच्या वर्गातील एक विद्यार्थिनी तोच विषय अनुवादाच्या अंगाने मांडणार आहे. शीर्षकात ‘खेळ’ हा शब्द ठेवावा की गाळावा, यावर सध्या वाद आहे. ठेवावा असे आमचे मत आहे. अनुवादाच्या वहीत त्या शिळेच्या पानावर अजून दोन्ही शब्द तिरकी रेघ मारून लिहिलेले आहेत, आणि कोणता खोडायचा हे चौघांपैकी कोणीही ठरवलेले नाही.